पहिलं सीझर झालं, पुढच्याचं कुणी ठरवायचं?

१. आपल्याकडे एकदा पोटावर टाके पडले की पुढच्या बाळंतपणाचा प्रश्न कुणी विचारतच नाही. माहेरी, सासरी, दवाखान्यात सगळे तो कधीच निकालात निघाल्यासारखं बोलतात. "पहिलं सीझर आहे ना, मग आता सीझरच." माझं म्हणणं आहे की तो निकालात निघालेला नाही. दोन्ही वाटांचे फायदे आणि धोके त्या बाईपुढे मांडावे लागतात. ती जी वाट धरेल ती निभावणारं रुग्णालयही तिला गाठता येईल इतकं जवळ असावं लागतं. यातलं पहिलं आज क्वचित होतं, आणि दुसरं तर बऱ्याच तालुक्यांत कागदावरच आहे.

हा थोड्याथोडक्या बायकांचा मामला नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या बाळंतपणांपैकी २५.४ टक्के सीझरने झाल्याची नोंद आहे. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा २०.१ होता. पाचव्या सर्वेक्षणात गोव्यात तो ३९.५ होता. देशभरातल्या खासगी रुग्णालयांतली जवळपास निम्मी बाळंतपणं, म्हणजे ४७.४ टक्के, सीझरची होती, तर सरकारी रुग्णालयांतली १४.३ टक्के. इतक्या बायकांची सीझर होत असतील, तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा दिवस राहिल्यावर त्यांतल्या बहुतेकींपुढे हाच पेच येणार आहे.

२. "एकदा सीझर की कायम सीझर" हे वाक्य एडविन क्रेगिन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचं, १९१६ सालचं. त्या काळी गर्भपिशवीला वरच्या जाड भागात उभा छेद देत. तो भाग कळांमध्ये जोरात आवळतो, त्यामुळे पुढच्या खेपेला व्रण फाटायची भीती मोठी होती. क्रेगिन यांचा खरा रोख वेगळाच होता. पहिलं सीझर हलक्या हाताने करू नका, कारण त्याची किंमत पुढच्या प्रत्येक बाळंतपणाला मोजावी लागते, असं ते सहकाऱ्यांना बजावत होते. अपवाद असतात हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. पुढे ग्लासगोचे मन्रो कर यांनी १९२०च्या दशकात खालच्या पातळ भागात आडवा छेद देण्याचा आग्रह धरला, आणि आज जगभर बहुतेक सीझर तसंच होतं. हा व्रण कळांचा ताण पुष्कळ जास्त सोसतो. म्हणजे ज्या छेदासाठी तो नियम होता तो छेद मागे पडला, आणि सहकाऱ्यांना दिलेली ताकीद तेवढी बायकांवरचा हुकूम होऊन बसली.

३. आता आकडे. ते दोन्ही बाजूंचे सांगायला हवेत, कारण एकाच बाजूचे सांगितले की त्याला सल्ला म्हणता येत नाही.

पूर्वी एक सीझर झालंय, छेद खालचा आणि आडवा आहे, बाळ एकच आहे आणि डोकं खाली आहे, अशा शंभर बायकांनी कळांची वाट धरली (डॉक्टर याला "ट्रायल देणं" म्हणतात), तर त्यांतल्या ७२ ते ७५ जणींचं बाळंतपण नॉर्मल होतं. हा आकडा ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१५ सालच्या मार्गदर्शिकेतला आहे. त्या बाईचं आधी एखादं नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल तर आकडा ८५ ते ९० वर जातो. पहिलं सीझर कशामुळे झालं यावरही बरंच अवलंबून असतं. बाळ पायाळू होतं म्हणून झालं असेल तर ते कारण या खेपेला बहुधा नसतंच. कळा येऊनही बाळ खाली सरकलं नाही म्हणून झालं असेल तर यशाची शक्यता थोडी कमी धरावी, पण तेवढ्यावरून आशा सोडण्याचं कारण नाही.

धोका आहे तो जुना व्रण फाटण्याचा. कळा आपसूक सुरू झालेल्या दोनशे बायकांत साधारण एकीला हे होतं. आधीच तारीख ठरवून केलेल्या सीझरमध्ये तेच प्रमाण दहा हजारांत दोनहूनही कमी आहे. दोनशेत एक म्हणजे थोडं वाटतं, पण ज्या घरात ते घडतं तिथे ते थोडं नसतं. बाळाचे ठोके एकदम उतरतात, आत रक्तस्राव होतो, मिनिटं मोजत ऑपरेशन करावं लागतं, कधी गर्भपिशवीही काढावी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१० साली तज्ज्ञांची परिषद भरवून सगळा पुरावा तपासला. जन्माच्या आसपास बाळ दगावण्याचं प्रमाण ट्रायलमध्ये हजारी १.३ आणि ठरवून केलेल्या सीझरमध्ये हजारी ०.५ निघालं. आईच्या जिवाच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. ट्रायलमध्ये लाखात सुमारे ४ माता दगावल्या, ठरवून केलेल्या सीझरमध्ये सुमारे १३. दोन्ही आकडे लहान आहेत आणि दोन्ही खरे आहेत. बाळासाठी एक वाट किंचित सुरक्षित आहे आणि आईसाठी दुसरी. अशा जागी निवाडा दुसऱ्या कुणी करून टाकणं मला मान्य नाही.

ट्रायल फसून घाईने सीझर करावं लागलं तर ते ठरवून केलेल्या सीझरपेक्षा जड जातं. ताप, जंतुसंसर्ग, रक्तस्राव सगळंच जास्त होतं. तेव्हा नॉर्मलची शक्यता किती आहे, हा प्रश्न प्रत्येकीच्या बाबतीत वेगळा आणि मोकळेपणाने बोलायला हवा.

एक धोका आपल्याकडे बहुधा सांगितलाच जात नाही, कारण तो पुढच्या खेपेचा असतो. दर सीझरगणिक वार जुन्या व्रणात रुतून बसण्याची भीती वाढते. अशी वार सुटत नाही, रक्त थांबत नाही. अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांमधल्या तीस हजारांवर सीझरचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण पहिल्या सीझरच्या वेळी ०.२४ टक्के, दुसऱ्याला ०.३१, तिसऱ्याला ०.५७ आणि चौथ्याला २.१३ होतं. त्यातून वार गर्भपिशवीच्या तोंडावरच असली तर पहिल्याला ३ टक्के, दुसऱ्याला ११ आणि तिसऱ्याला ४०.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ होता. बहुतेक घरं दोन मुलांवर थांबतात, आणि "दुसऱ्या सीझरच्या वेळीच कुटुंबनियोजनाचंही उरकून घेऊ" हा विचार घरोघरी होतो. तो चुकीचा नाही. दोनवर खरोखरच थांबणार असाल तर वार रुतण्याच्या धोक्याला फार वजन देऊ नका. पण एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी दुसरं सीझर होणाऱ्या मुलीला पुढच्या पंधरा वर्षांत काय होईल ते कुणी सांगावं? मूल दगावतं, दुसरं लग्न होतं, मुलगा हवा म्हणून तिसऱ्यासाठी दबाव येतो. हे सगळं आपल्या आजूबाजूला घडतं. म्हणून किती मुलं हवी आहेत हा प्रश्न तिला विचारावा, आणि सासूबाई बाहेर बसलेल्या असताना विचारावा.

४. कळांची वाट कुणी धरू नये, हे स्पष्ट आहे. पूर्वीचा छेद उभा असेल, पूर्वी गर्भपिशवी फाटलेली असेल, वार तोंडावर असेल, तर सीझरच. दोन सीझर झालेली असतील तर मोठ्या रुग्णालयातल्या अनुभवी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाऊल टाकू नये. दोन बाळंतपणांत दीड-पावणेदोन वर्षांहून कमी अंतर असेल तर व्रण फाटण्याचा धोका वाढतो. औषधाने कळा आणल्या तर तो दोन-तीन पटींनी वाढतो. कळा आणायला देतात त्या मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या तर पूर्ण दिवसांच्या, सीझर झालेल्या बाईला देऊच नयेत. घरी बाळंतपण करण्याचा तर विषयच नको.

५. हे सगळं ठरवायला एक कागद लागतो, आणि तो कागद बायकांकडे नसतो.

माझ्या भाचीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, रीतीप्रमाणे. दुसऱ्या खेपेला ती नवऱ्याच्या नोकरीच्या गावी होती. तिच्याजवळ चौघडी पडलेलं एक डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर निदानाच्या रकान्यात "इमर्जन्सी एलएससीएस", म्हणजे खालच्या भागात छेद देऊन केलेलं तातडीचं सीझर, आणि कारणाच्या रकान्यात "एनपीओएल", म्हणजे प्रसूती पुढे सरकली नाही, एवढंच. खाली गोळ्यांची नावं, टाके कधी दाखवायचे ती तारीख, सही आणि शिक्का. तोंड किती सेंटिमीटर उघडलं होतं, किती तास वाट पाहिली, छेद कडेला फाटला होता का, टाके किती थरांत घातले, यातलं अक्षरही नव्हतं. नव्या डॉक्टरीणबाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "यावर मी काय ठरवू?" त्यांचं बरोबर होतं. पहिल्या रुग्णालयात फोन केला तर जुने केसपेपर आता नाहीत असं उत्तर आलं.

नियम काय आहे तो ऐका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे असतात, आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. दोन मुलांत चांगलं अंतर ठेवा, असं आपणच बायकांना सांगतो. तो सल्ला पाळणारी बाई दुसऱ्या खेपेला दवाखान्यात पोचेपर्यंत पहिल्या ऑपरेशनचे कागद जपण्याची मुदत संपलेली असते.

माझी पहिली मागणी म्हणूनच साधी आहे. सीझर झालेल्या प्रत्येक बाईला घरी सोडताना ऑपरेशनच्या नोंदीची प्रत, मागितल्याशिवाय, हातात मिळाली पाहिजे. सोबत मराठीत चार ओळी हव्यात. सीझर कशामुळे करावं लागलं, छेद कोणता, काही गुंतागुंत झाली का, आणि पुढच्या वेळी कळांची वाट धरता येईल असं डॉक्टरांना वाटतं का. माता बाल संरक्षण कार्डात यासाठी एक पान सहज निघेल. याला यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही, अंदाजपत्रकात वेगळी तरतूदही लागत नाही. आशाताईंना मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवायला सांगितलं तरी निम्मं काम होईल. तोवर, ज्यांच्या घरी नुकतं सीझर झालंय त्यांनी हा कागद आजच मागून घ्यावा.

६. संमतीचं काय होतं ते कुठल्याही प्रसूतिगृहात दिसेल. बाई कळांनी कासावीस असते. छापील फॉर्म बहुधा इंग्रजी असतो. नर्स नवऱ्याला बाहेरून बोलावते, बोटाने जागा दाखवते आणि म्हणते, "इथे, इथे आणि इथे." तो न वाचता सह्या करतो. बाईचा अंगठा किंवा सही शेवटी, कधीकधी घेतच नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात याबद्दल स्वच्छ सांगितलं आहे. तपासणीपुरती संमती दिलेली ती स्त्री भुलेत असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भपिशवी व बीजांडकोश काढून टाकले. न्यायालयाने ती संमती मानली नाही. सज्ञान रुग्णाचा जीव त्या क्षणी धोक्यात नसेल तर तिच्या वतीने आईलाही होकार देता येत नाही. संमती घेण्याआधी उपचार काय आहे, त्याला दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे तिला सांगितलं पाहिजे, असं त्या निकालात आहे. दुसरे पर्याय हे शब्द लक्षात ठेवा. पूर्वी सीझर झालेल्या बाईच्या बाबतीत ट्रायल हा दुसरा पर्याय आहे. तिला तो लागू नसेल तर का नाही, हे ऐकण्याचाही तिला हक्क आहे.

हे बोलणं पाचव्या-सहाव्या महिन्यात व्हायला हवं, दिवस भरल्यावर नाही. सरकारी व्यवस्थेत त्याची जागा तयारच आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी होते, आणि जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. पूर्वीचं सीझर हे त्या जोखमींपैकीच एक आहे. आज लाल स्टिकर लागला की बाई घाबरते आणि घरी जाते. त्याच दिवशी दहा मिनिटं बसवून तिला वरचे आकडे मराठीत सांगता येतील.

७. यात डॉक्टरांना खलनायक ठरवणं मला पटत नाही. तालुक्याच्या गावातलं नवरा-बायकोने चालवलेलं नर्सिंग होम डोळ्यांपुढे आणा. भूलतज्ज्ञ एकच, आणि तो चार दवाखाने सांभाळतो. रात्री दोन वाजता बाळाचे ठोके उतरले तर त्याला यायला पाऊण तास. रक्त आणायला जिल्ह्याला माणूस पाठवायचा. अशा ठिकाणी डॉक्टरीणबाई "मी ट्रायल देणार नाही" म्हणत असतील तर त्या प्रामाणिक आहेत. १९९५च्या शांता खटल्यानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, हेही त्यांच्या मनात असतं. दगाफटका झाला तर दवाखान्यावर जमाव येईल ही धास्ती असतेच.

पण मग त्यांनी ते तसंच सांगावं. "तुम्हाला नॉर्मल होणारच नाही" आणि "माझ्याकडे ती सोय नाही, अमुक रुग्णालयात आहे" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं वाक्य ऐकून बाई दार बंद झालं असं समजते. दुसरं ऐकून ती चौकशी तरी करते.

पैशाचं बोलणं टाळून चालणार नाही. बारा-चौदा तास कळांच्या बाईजवळ बसून राहायचं आणि त्याचा दर कमी. सकाळी अकराचं सीझर तासाभरात उरकतं आणि त्याचा दर जास्त. हे गणित कुणालाही एकाच बाजूला ओढेल, कितीही सज्जन असो. विमा कंपन्यांनी आणि सरकारी योजनांनी पूर्वी सीझर झालेल्या बाईच्या बाळंतपणाला, ते कसंही होवो, एकच दर लावून पाहावा.

८. नॉर्मलचा हट्टही तितकाच घातक. "आम्ही पाच-पाच बाळंतपणं घरी केली" असं ऐकवून सुनेला ट्रायलला बसवणाऱ्या घरांना मी वरचा दोनशेत एकचा आकडा पुन्हा वाचायला सांगेन. सगळं समजून घेऊन जी बाई म्हणते, "मला सीझरच हवं", तिचा निर्णय पूर्ण निर्णय आहे. पहिल्या खेपेला वीस तास कळा सोसून शेवटी पोट फाडावं लागलेल्या बाईला पुन्हा त्या वाटेने जायचं नसेल, तर तिने कुणाला का खुलासा द्यावा? मात्र तारीख मुहूर्तावर ठरवू नका. दुसरं काही कारण नसेल तर ३९ आठवडे पुरे होऊ द्या, कारण त्याआधी सीझर केलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो.

९. खेड्यातली बाई यात सगळ्यात जास्त अडकते. प्राथमिक आरोग्य केंद्र तिला "पूर्वीचं सीझर" म्हणून ग्रामीण रुग्णालयात पाठवतं. तिथे थिएटर असलं तर रात्रीचा भूलतज्ज्ञ नसतो, म्हणून उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथून जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर आणि नवी रुग्णवाहिका. कळा मात्र त्याच चालू असतात. म्हणजे व्रण फाटण्याची भीती आहे म्हणून जिला लवकर पोचवायचं, तीच सगळ्यात जास्त वेळ रस्त्यावर असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सीझर आणि ने-आण फुकट आहे. पण फुकट असून रात्री कुलूप असेल तर काय उपयोग?

दुर्गम आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्रांपाशी "माहेरघर" ही चांगली योजना आहे. दिवस भरत आलेली बाई आधीच तिथे येऊन राहते. पूर्वी सीझर झालेल्या बायकांसाठी अशी माहेरघरं चोवीस तास थिएटर चालणाऱ्या रुग्णालयांच्या शेजारी हवीत, आणि फक्त आदिवासी भागांत नकोत.

१०. रुग्णालयांनी आपले आकडे लावावेत. २०१७ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचारी आरोग्य योजनेच्या यादीतल्या खासगी रुग्णालयांना सीझर आणि नॉर्मल बाळंतपणांचं प्रमाण दर्शनी भागात लावायला सांगितलं होतं. पण नुसता एकूण टक्का दिशाभूल करतो. अवघडलेल्या केसेस जिथे पाठवल्या जातात त्या मोठ्या रुग्णालयाचा टक्का जास्तच येणार. यावर उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली शिफारस केलेल्या रॉबसन वर्गीकरणात बाळंतिणींचे दहा गट पाडतात. त्यातला पाचवा गट याच बायकांचा आहे. पूर्वी सीझर, बाळ एकच, डोकं खाली, दिवस पूर्ण. या एका गटात किती जणींना ट्रायल दिली आणि किती जणींचं नॉर्मल झालं, एवढे दोन आकडे पुरेत. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१च्या सुधारणेने रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर आली आहे. तिच्या शेजारी ही एक चौकट सहज मावेल.

११. सरकारी आदेशाची वाट न पाहता करता येण्यासारखं एक काम आहे. तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्या बैठका होतात. महिला मंडळाने, बचत गटाने किंवा ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी तिथे तीन प्रश्न द्यावेत. रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात भूलतज्ज्ञ कोण असतो आणि तो किती मिनिटांत पोचतो? रक्ताच्या पिशव्या इथेच मिळतात की जिल्ह्याहून आणाव्या लागतात? गेल्या वर्षभरात पूर्वी सीझर झालेल्या किती बायका इथे आल्या, त्यांतल्या कितींचं बाळंतपण इथेच झालं आणि कितींना पुढे पाठवलं? उत्तरं लेखी मागा, आणि तालुक्यातल्या सगळ्या आशाताईंना त्याची एकेक प्रत द्या.